टॉवर नव्हे, डॉवर

अल नहदा, शारजा
२० सप्टेंबर २०२४

तांदूळ निवडून ठेवले होते. मशीनमध्ये कपडे फिरत होते, गॅसवर दूध चढवलं होतं, आणि मी एक पाय स्वयंपाकघरात आणि एक पाय बाल्कनीत अशी उभी. कढीपत्त्याच्या कुंडीवर जुनी चादर बांधायची होती. इथलं ऊन वर आलं की पानं भाजून निघतात, म्हणून आम्ही उन्हाळाभर झाडाला असं पांघरूण घालत होतो. हे स्टुलावर चढलेले, तोंडात सुतळी. तशाच तोंडानं मला विचारलं, "गाठ सुटती मारू की पक्की?"

मी म्हटलं, "मारा हो कशीही. दूध उतू जाईल."

तर म्हणाले, "कशीही कशी? संध्याकाळी सोडणार तू आहेस."

एवढंच. मग मी दूध उतरवलं, यांनी सुटती गाठ मारली, आणि आम्ही चहा प्यायलो.

वन्सं, पाया पडते. पत्राची सुरुवात अशी मधूनच केली आणि नमस्कार मागे राहिला, रागावू नका. पण तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत की रामूची, म्हणजे यांची, आठवण तुला सगळ्यात जास्त कधी येते. मी बरेच दिवस विचार केला. मला वाटलं दवाखान्यातले दिवस आठवतील, नाहीतर शेवटची रात्र. आली ती ही सकाळ. त्या दिवशी काहीसुद्धा घडलं नव्हतं. दोन वर्षं होऊन गेली, पण कुंडीकडे गेलं की अजून ऐकू येतं, सुटती की पक्की.

तुमच्या गुडघ्याला तेल लावताय ना? इथं सगळे बरे आहेत. सिद्धांतचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सलाच आहे, सकाळी ट्रॅफिकच्या आधी निघतो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये परत येतो. अस्मिताच्या शाळेत नवीन वर्ष सुरू झालं, ती वह्या तपासत बसते. शुभ्रा दहा वर्षांची झाली. मराठी सगळं समजतं तिला, पण उत्तर इंग्रजीतच देते. तुम्हाला फोनवर सगळं नीट ऐकू येत नाही म्हणून हे पत्र आमच्या बिलकीसच्या भाच्याबरोबर पाठवते. बिलकीस म्हणजे सहाव्या मजल्यावरची, मूळची रत्नागिरीची. तिचा भाचा अर्सलान रविवारी निघतोय, घरी जाताना देवरुखात थांबून तुमच्या हातात पत्र देईल. सोबत खजूर आणि तुमचं ते निळ्या डबीतलं मलम आहे.

तुमचा दुसरा प्रश्न होता, कधी येतेस. त्याचंही उत्तर याच पत्रात देणार आहे. पण आधी विलायतेची हकिगत सांगू द्या, कारण तुम्ही म्हणाला होतात की सगळं सविस्तर लिही, काही गाळू नकोस.

शाळेच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अस्मिताची मावसबहीण रेडिंगला राहते, तिच्याकडे उतरलो. त्या गावाचं नाव लिहितात रीडिंग आणि म्हणतात रेडिंग. मी स्टेशनवर पाटी वाचली आणि मला वाटलं, वा, वाचणाऱ्यांचं गाव. शुभ्रा अजून मला हसते. मी सातवीनंतर शाळा सोडलेली बाई, इंग्रजी शिकले ती डब्यांवरची आणि दुकानांवरची अक्षरं जुळवून, आणि नंतर शुभ्राच्या पुस्तकांतून. त्यामुळे पाटी दिसली की मी थांबून पुरी वाचते. घरच्यांना उशीर होतो. हे असते तर तेही थांबले असते.

एक दिवस सिद्धांत आम्हाला एका जुन्या मेनर हाउसला घेऊन गेला. म्हणजे तिकडच्या जमीनदारांचं मोठं घर, बागा, शेती, तळं सगळं एकाच हद्दीत. आता तिथं कुणी राहत नाही, तिकीट काढून लोक बघायला जातात. दगड मधासारखा पिवळा. दारापर्यंत जायला खडीचा रस्ता, त्यावरून चालताना पाय वाजतात, म्हणजे कुणी चोरून घरात शिरू शकणार नाही. आत गेल्यावर गारवा आणि मेणाचा वास. लाकडाला अजून मेण लावून घासतात.

माहिती सांगायला एक बाई होती, तुमच्याच वयाची, पांढरे केस, पायांत सपाट बूट. छातीवर बिल्ला, त्यावर हेझल. पगार घेत नाही, आवड म्हणून येते म्हणाली. मला तिचं इंग्रजी निम्मं कळलं, उरलेलं अस्मितानं सांगितलं.

जेवणाच्या दालनात लांबलचक टेबल, त्यावर द्राक्षं, मासा, पाव, सगळं रंगवलेल्या प्लॅस्टरचं. इतकं खरं की शुभ्रानं मासा हुंगून पाहिला. आणि बाजूला मखमली खुर्च्या होत्या ना, प्रत्येक खुर्चीवर एकेक सुकलेलं काटेरी बोंड ठेवलेलं. मी अस्मिताला म्हटलं, "दृष्ट लागू नये म्हणून असणार. आपण लिंबू-मिरची बांधतो तसं." अस्मितानं ते हेझलबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. म्हणाल्या, खुर्च्या फार जुन्या आहेत, कुणी बसू नये म्हणून ठेवलंय. बसू नका अशी पाटी लावली तर पाहुण्यांना वाईट वाटतं. काटा दिसला की माणूस आपला आपणच बसत नाही.

सिद्धांत म्हणाला, "आई, यातली दोन-तीन मिळाली तर बघ. ऑफिसमध्ये माझ्या खुर्चीवर ठेवतो. मी चहाला उठलो की कुणीतरी बसतंच."

वरच्या मजल्यावर भिंतीभर तसबिरी होत्या. त्यात एक बाई करड्या झग्यातली, गळ्यात काही नाही, हात मांडीवर. बाकीच्या सगळ्या दागिने घालून आपल्याकडे बघतात. ही खिडकीकडे बघत होती. मी पाटी वाचायला थांबले. हेझलबाई म्हणाल्या की हिचा नवरा गेला, मोठ्या मुलाचं लग्न झालं, आणि मग ही इथून निघून बागेच्या टोकाला राहायला गेली, टॉवर हाउसमध्ये. तिथं आता चहा मिळतो, जरूर जा.

मला निदान तसं ऐकू आलं. टॉवर हाउस. मला भारी आनंद झाला. मी शुभ्राला म्हटलं, "बघ, ही बाईपण आपल्यासारखी टॉवरमध्येच राहायची." आपण एवढ्या लांब आलो आणि अल नहदाचीच बाई भेटली!

मग बागेत गेलो. वन्सं, तुम्हाला बागेची आवड, म्हणून सांगते. एका बाजूला उंच विटांची भिंत घालून आत भाजीचा मळा केलाय. भिंतीला अंजिराचं झाड तारांनी बांधून पसरवलेलं, जसं कुणी हात फाकून भिंतीला टेकून उभं आहे. भिंत दिवसा तापते आणि रात्री झाडाला ऊब देते. पुढे काचेचं घर होतं आणि त्यात काय असेल? आपली तांबडी जास्वंद. तिला थंडी सोसत नाही म्हणून तिच्यासाठी काचेचं घर, खाली गरम पाण्याचे नळ. आमच्याकडे कढीपत्त्याला ऊन सोसत नाही म्हणून चादर. मी त्या जास्वंदीजवळ बराच वेळ उभी राहिले. कुंडीला पाटी होती, त्यावर नाव, आणि खाली लिहिलेलं की हिला काय चालतं आणि काय चालत नाही.

पुढे हिरव्या झाडांच्या भिंती आहेत. झाडं इतकी दाट लावून कापलेली की भिंतच वाटते, माणसापेक्षा उंच. त्यांच्या मधे मधे चौकोनी अंगणं केलेली, दारं ठेवलेली, जशा खोल्याच. मी म्हटलं माझे पाय दुखतात, मी इथं बाकावर बसते, तुम्ही फिरून या. शुभ्रा तळ्यावर बदकं बघायला पळाली.

बाकावर बसल्या बसल्या मी झाडांच्या शेंड्यांवरून तो टॉवर शोधत होते. कुठं दिसेना.

·

काल इथं पेन ठेवलं. वरण लावायचं आहे असं स्वतःला सांगितलं आणि उठले. वरण कधीच झालं होतं. आज शनिवार आहे, घरात सगळे आहेत, मी शुभ्राच्या खोलीत बसून लिहितेय. माझा पलंग याच खोलीत आहे, हे तुम्हाला माहीत आहे. हे गेले तेव्हा आमची खोली सिद्धांत-अस्मिताला दिली आणि मी इकडे आले. तेव्हा कुणी काही म्हणालं नव्हतं. मीच गादी उचलली.

आता पुढचं लिहिते. तुम्ही काही गाळू नकोस म्हणालात.

परदेशात गेलं की आपली माणसं मोठ्यानं मराठी बोलतात. कुणाला कळत नाही म्हणून. आगगाडीत, दुकानात, शेजारच्या बाईच्या टोपीबद्दलसुद्धा. मी बाकावर बसले होते आणि त्या झाडांच्या भिंतीपलीकडे सिद्धांत आणि अस्मिता येऊन उभे राहिले. मी अलीकडेच आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिकडं सगळी अंगणं सारखीच दिसतात.

सिद्धांत म्हणत होता, "आत्याशी फायनल झालंय. दिवाळी झाली की आईला देवरुखला पोचवून येतो. आत्या एकटी, आई एकटी. दोघी एकत्र राहिल्या की आपलं टेन्शन गेलं. शुभ्रालापण तिची रूम मिळेल."

अस्मिता म्हणाली, "आईंना विचारलंस का?"

तो म्हणाला, "आईला काय विचारायचं? ती कुठंही राहते."

वन्सं, तो वाईट बोलला नाही. आवाजात कौतुक होतं. चांगल्या भांड्याबद्दल बोलतात ना, गॅसवर चालतं, चुलीवर चालतं, तसं. आणि खोटंही नव्हतं. लग्न होऊन आले ती यांच्या कंपनीच्या एका खोलीत राहिले, मग अजमानला दोन कुटुंबांत एक स्वयंपाकघर, मग इथं. कधी कुठं नाही म्हटलं नाही. पण मी त्या बाकावर बसून आठवायला लागले की हे मला काय काय विचारायचे. खिडकीकडे तू झोपतेस का. आमटी आज पातळ करतेस का. या पुस्तकाचा दुसरा भाग मिळाला तर आणू का. क्षुल्लक प्रश्न. मला तेव्हा कंटाळा यायचा, मी म्हणायची, करा कसंही.

अस्मिता म्हणाली, "विचार तरी एकदा." मग शुभ्रा ओरडत आली आणि ते दोघं तिच्याबरोबर गेले. मी थोडी बसले आणि दुसऱ्या बाजूनं वळसा घालून त्यांना गाठलं. तोंड धुवायला नळ शोधला होता, तो मिळाला नाही.

मग आम्ही चहाला गेलो. बागेच्या टोकाला एक बसकं, कौलारू, दोन धुराड्यांचं घर. दारात टेबलं मांडलेली. मी म्हटलं, "टॉवर कुठाय?"

सिद्धांत म्हणाला, "कसला टॉवर?"

"ती करड्या झग्यातली बाई राहायची तो. टॉवर हाउस."

शुभ्रानं पाटीवर बोट ठेवलं. "आजी, इट्स नॉट टॉवर. डॉवर. विथ अ डी."

"डॉवर म्हणजे काय?"

"आय डोन्ट नो. आस्क द लेडी."

हेझलबाईही चहाला तिथंच आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. जमीनदार मेला की मोठं घर मुलाचं आणि सुनेचं होतं. मग त्याच्या विधवेला त्याच हद्दीत एक लहान घर देत. ते डॉवर हाउस. तो तिचा हक्क असे, लग्नातच ठरलेला. ती मोठ्या घरातून निघे, पण कुणाच्या दारी जात नसे.

मी विचार करायला लागले की आपल्यात या घराला काय म्हणायचं. माहेर म्हणतो, सासर म्हणतो. मुलाच्या घराला मुलाचं घर म्हणतो. या चौथ्याला आपल्याकडे शब्द सापडेना. सिद्धांत म्हणाला, "विधवाश्रम?" अस्मितानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा ढवळायला लागला. साखर घातलेली नव्हती.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत हेझलबाईंना विचारलं, "तिला कुणी विचारलं होतं का? जातेस का म्हणून?"

त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी इथं येते. लोक विचारतात तिचं भूत दिसतं का. हे कुणी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "ते लिहून ठेवलेलं कुठं नाही. पण एक गोष्ट आहे, चला दाखवते."

त्यांनी मला घराच्या बाजूला नेलं. तिथल्या भिंतीत एक दार बुजवलेलं होतं. विटा वेगळ्या रंगाच्या, पण दाराचा आकार स्पष्ट दिसत होता. त्या दारातून सरळ समोर मोठं घर दिसतं. ती बाई राहायला आली आणि तिनं ते दार बंद करून घेतलं, नवीन दार पलीकडच्या बाजूला पाडलं, रस्त्याकडे. तिकडून गावातली माणसं येत-जात. हेझलबाई म्हणाल्या, "मुलगा रोज भेटायला यायचा म्हणे. पण वळसा घालून यावं लागे, आणि दार वाजवावं लागे." मग हळूच म्हणाल्या, "माझा नवरा गेल्यावर मी पण किल्ल्या बदलल्या. मुलींकडे जुन्या होत्या ना. आधी रुसल्या, आता बेल वाजवतात."

आम्ही दोघी त्या बुजवलेल्या दारापाशी उभ्या होतो. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी पुरत नाही. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. मग शुभ्रा केक घेऊन आली.

परत येईपर्यंत मी कुणाला काही बोलले नाही. इथं आल्यावरही नाही. सामान आवरलं, कढीपत्ता जगला होता, बिलकीसनं पाणी घातलं होतं. तिला केक दिला आणि डॉवर हाउसची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अगो, मग त्यात नवीन काय? आपल्या चौथ्या मजल्यावरचा स्टुडिओ खाली झालाय. ती फिलिपिनो पोरगी गेली नव्हं, तोच. एक खोली, एक कोपऱ्यात चूल. तुझा तो डॉवर."

मी हसले. मग रात्रभर हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "त्याची किल्ली कुणाकडे असते?"

"नातूरकडे." नातूर म्हणजे इथं इमारतीचा वॉचमन. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "सून भांडली काय?"

"नाही गं."

"पोरगा?"

"कुणी भांडलं नाही."

"या अल्ला, मग तर कठीण आहे. भांडण असतं तर सोपं पडलं असतं."

तिच्याबरोबर जाऊन खोली बघितली. खिडकी रस्त्याकडे आहे, खाली बसथांबा दिसतो. हे सकाळी त्याच थांब्यावर उभे राहायचे, मी वरच्या खिडकीतून बघायची. चौथ्या मजल्यावरून माणसांचे चेहरेसुद्धा दिसतात. भाडं दिरहममध्ये ऐकलं की मी लगेच तोंडानं रुपये करते, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी केले नाहीत. यांचे नोकरी सुटतानाचे पैसे माझ्या नावावर आहेत, त्यातून भागेल. करार सिद्धांतच्या नावानंच करावा लागणार, व्हिसाही त्याच्याच नावावर आहे. त्याला नको असेल तर होणार नाही.

मागच्या रविवारी सकाळी सगळे पोह्याला बसले तेव्हा सांगितलं. "मी दिवाळीनंतर देवरुखला राहायला जाणार नाही."

सिद्धांतचा चमचा थांबला. "आई, आत्याशी माझं ऑलरेडी बोलणं झालंय. तिनं मागच्या खोलीला रंगसुद्धा दिला."

"माझ्याशी कधी झालं?"

"अगं, पण तू ॲडजस्ट होतेस ना कुठंही..." आणि तो थांबला. अस्मितानं कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "ती भिंत झाडांची होती रे."

त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. लहानपणी काच फोडली की असाच बसायचा. "सॉरी, आई. मी चांगल्या अर्थानं म्हटलं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर मला रागही येईना."

मग मी स्टुडिओचं सांगितलं. तो म्हणाला, "सेम बिल्डिंगमध्ये वेगळी? लोक काय म्हणतील? आईला बाहेर काढलं म्हणतील."

अस्मिता म्हणाली, "इथं लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलतं का? आणि विचारलंच तर सांग, आईंनी आपल्याला बाहेर काढलं." तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "आई, मी चुकले काही?"

मी म्हटलं, "तूच एकटी म्हणालीस, विचार तरी."

सिद्धांतनं पोह्यांची ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "बाबा असते तर काय म्हणाले असते?"

मी म्हटलं, "विचारलं असतं, खिडकी कुठल्या बाजूला पाहिजे."

त्यावर तो रडला, वन्सं. हे गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. मी पाठीवरून हात फिरवला. पोहे गार झाले. शुभ्रा सगळ्यांकडे बघत होती. तिनं विचारलं, "आजी, कॅन आय कम फॉर स्लीपओव्हर?"

मी म्हटलं, "ये की. बेल वाजवून ये."

आता तुमचं. हेच लिहायचं म्हणून इतकी पानं लांबवली.

तुम्ही माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीत. अस्मिताच्या फोनवर फोटो पाहिला, फिका निळा रंग, तो मला आवडतो हे तुमच्या लक्षात होतं. खिडकीला पडदा तुम्ही स्वतः शिवलेला दिसतो. दुखऱ्या गुडघ्यानं तुम्ही मशीन चालवलीत हे मला कळतं. आई गेल्यावर यांना तुम्ही वाढवलंत, स्वतः लग्न केलं नाही, आणि आता भाऊ तुमच्या आधी गेला. तुम्हाला बोलायला कुणी नाही. माझ्याशी त्याच्याबद्दल बोलावं असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटतं. पण दोघी एका घरात राहिलो तर आपण सकाळी त्याच्याबद्दल बोलू, दुपारी बोलू, संध्याकाळी दिवा लावताना बोलू, आणि मग तो आपल्याला बोलण्याएवढाच उरेल. इथं तो मला न बोलता भेटतो. बसथांब्यावर भेटतो, भाजीवाल्याकडे भेटतो. तुम्हाला राग येईल, पण खरं लिहिलं.

आणि आणखी एक. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, "कधी येतेस?" "येतेस का?" असं नाही लिहिलंत. मी ते वाक्य कितीदा वाचलं. एवढा लहानसा 'का', पण तो नसला की माणसाला नाही म्हणायला जागाच उरत नाही. तुमची चूक म्हणून सांगत नाही. मीच सगळ्यांना अशी सवय लावली असणार.

मी मार्गशीर्षात येते. महिनाभर राहीन, निळ्या खोलीतच राहीन, पण पाहुणी म्हणून. पाहुणीला विचारतात, चहा घेणार का, आंघोळीला पाणी ऊन हवं का. तुम्ही मला विचारा, मी तुम्हाला विचारीन. आणि थंडीचे दिवस सरायच्या आत तुम्ही इथं येता का? सिद्धांत व्हिसाचं बघेल. चार दिवस खोर फक्कानला समुद्र बघून येऊ, तिथं डोंगर थेट पाण्यात उतरतो, तुम्हाला कोकणासारखं वाटेल, फक्त झाडं तेवढी नाहीत. माझ्याकडे राहायचं. पलंगावर तुम्ही झोपा, मी खाली गादी घालीन. नको वाटलं तर नको म्हणा. मी रुसणार नाही.

अर्सलानला चहा द्या, तो लाजतो, दोनदा म्हणावं लागतं.

रविवारी सिद्धांत कराराला हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी बिलकीसला घेऊन बाजारात गेले आणि एकेरी पलंग घेतला.

तुम्ही रुसलात तरी तुमचीच,
छाया